मोरीखालचे मासे

११ मार्च

ही डायरी जानेवारीत एका ट्रान्सपोर्टवाल्याने दिली होती. दोन महिने कोरी पडली. आज लिहायला घेतली, कारण आज मी ग्रामपंचायतीत सगळ्यांसमोर एक गोष्ट बोलून बसलोय. लिहून ठेवली नाही तर उद्या मीच म्हणेन की असं काही बोललोच नव्हतो. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

मनोज माझा पुतण्या, थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ जाऊन बारा वर्षं झाली. उंबरओहोळाचा कोंड, म्हणजे ओहोळाच्या वरच्या अंगाचा डोह, त्याच्या वाट्याच्या जमिनीत येतो. तिथे त्याला गोदाम बांधायचंय. ओहोळ मेलेलाच आहे, तो पाइपात घालून वर भराव टाकला तर कुणाचं काय जातं, असं त्याचं म्हणणं. पूर्णा गावापर्यंत सगळीकडे हेच झालंय, आपल्या अंजूरला काय वेगळं सोनं लागलंय, असं दोघंतिघं बोलले. माना हलल्या.

मला राग आला. ओहोळ कुणीकुणी नासवला त्याची यादीच वाचून दाखवली आणि म्हणालो, "ओहोळ मेलेला न्हाय."

"काका, पंधरा वर्षांत कोंडात येक चिवनी बगलीत तुम्ही?" मनोजने विचारलं.

"बगली न्हाय. पन यंदा दाखवतो."

बोललो आणि खाली बसलो. सरपंच हेमाली माझ्या सुनेच्या वयाची असली तरी कागदाला पक्की आहे. तिने लगेच वहीत लिहून घेतलं. यंदाच्या पावसात खाडीतली चिवणी कोंडापर्यंत चढली तर कोंड राहील. नाही चढली तर मनोजला ना-हरकत मिळेल. मनोजने सही केली, मीही केली.

चिवणी हा वीतभर, मिशांचा, काटेरी मासा. दिसायला काही खास नाही. पण पावसाच्या सुरुवातीला तिचं पोट गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, टरारतं आणि ती अंडी घालायला खाडी सोडून गोड्या पाण्याकडे चढते. या चढण्याला आम्ही वलगण म्हणतो. माझ्या लहानपणी कोंडात पाय टाकला की चिवणी लागायची.

मनोजची आई, हौसा वहिनी, सभेत मागे बसली होती. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला दीर. ती मिश्री लावत होती.

१५ मार्च

चिंधू गवंड्याला घेऊन खाडीपासून कोंडापर्यंत ओहोळ पायी पाहिला. चिंधू माझ्या हाताखाली तीस वर्षं होता. मी कंत्राटं घ्यायचो, तो बांधायचा. दोघांचेही गुडघे आता सारखेच वाजतात.

घाण खूप आहे. गोदामांच्या पॅकिंगचं पारदर्शक प्लास्टिक झाडांना गुंडाळलेलं, लूमची चिंधी आणि सुताचे गुंते, एक अख्खा सोफा. सोफ्यावर चिंधू दोन मिनिटं बसलादेखील. मासे का चढत नाहीत ते उघड आहे. एक म्हणजे हा कचरा. दुसरं म्हणजे वरच्या अंगाचा तो रंगवाला, कापड रंगवायचा कारखाना. चिंधू म्हणाला की रंगवाला चार वर्षांपूर्वीच बंद पडलाय. पण मुरलेलं विष असं चार वर्षांत जातं का?

मधल्या रस्त्याखालची मोरी मात्र बघून बरं वाटलं. २००९ साली गोदामांच्या रस्त्यासाठी मीच घातली. तीन फुटी सिमेंटचा ह्यूम पाइप, वर काँक्रीट. रोज शंभर कंटेनर जातात, पण एक तडा नाही. मी चिंधूला म्हणालो, बघ, सगळा ओहोळ बिघडला पण आपलं काम जसंच्या तसं उभं आहे. चिंधूने बिडी पेटवली आणि "हां, दादा" म्हणाला. त्याला कधी कौतुक करता येत नाही.

३० मार्च

आज रविवार. ऋतिका, माझी सून, पूर्ण्याच्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे. तिने तिच्याकडचे बारा जण आणले. बिहारची, ओरिसाची माणसं, सुट्टीचा दिवस सोडून गुडघाभर चिखलात उतरली. गावातून नऊ बायका आल्या, त्यांत वहिनीही. गावातले पुरुष रस्त्यावरून सल्ले देत होते.

तीन डंपर कचरा निघाला. सोफाही गेला. संध्याकाळी पाणी खळखळल्याचा आवाज आला तेव्हा मला खरंच आनंद झाला. किती वर्षांनी ऐकला कोण जाणे.

१६ एप्रिल

मासे आले!

काल उधाणाची भरती होती. सकाळी मोरीवर गेलो तर मोरीच्या खालच्या बाजूच्या खड्ड्यात बोईटांचा थवा. वीस-पंचवीस तरी असतील. पाठी चमकत होत्या. भरतीबरोबर खाडीतून इथवर आलेले. म्हणजे कचरा काढल्याचा उपयोग झाला.

विशेष म्हणजे ते दुसरीकडे कुठे नव्हते, सगळे माझ्या मोरीखालीच. पाइपातून पडणाऱ्या पाण्याची धार, खाली गार सावली, मासळीला आणखी काय हवं? मी हेमालीला फोन करून सांगितलं की मोरी माशांना आवडते. ती म्हणाली, छान आहे काका, फोटो काढा. फोटो काढला पण त्यात माझाच अंगठा आला.

१९ एप्रिल

ऋतिकाला मोरी दाखवायला नेलं. तिने मासे बघितले, मग रस्ता ओलांडून वरच्या बाजूला गेली आणि बराच वेळ पाण्यात बघत राहिली.

"बाबा, वर एकपण नाही," ती म्हणाली.

मी म्हणालो, वर ऊन जास्त आहे, सावलीला झाडं लावायला हवीत. ती "हो का" म्हणाली. मग पुन्हा खाली येऊन पाइपाच्या तोंडापासून पाण्यापर्यंत हात धरून मोजल्यासारखं केलं. काय मोजलंस विचारलं तर म्हणाली, काही नाही, चला, मला ड्युटीला उशीर होतोय. गोदामात राहून तिला प्रत्येक गोष्ट मोजायची सवय लागलीय.

२१ एप्रिल

आज जेवलो नाही. साखर आहे म्हणून उपाशी राहायला डॉक्टरची बंदी आहे, पण घास गेला नाही.

सकाळी मोरीवर एकटाच बसलो होतो. एका बोईटाने उडी मारली. पाइपाच्या ओठावर आपटलं आणि खाली पडलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग दुसरं. मला आधी गंमत वाटली. पाचव्या-सहाव्या वेळी गंमत संपली. ते बोईट त्या सावलीत आरामाला आलेलं नव्हतं. त्याला वर जायचं होतं.

पाइप घातला तेव्हा तो तळाशी टेकलेला होता, हे मी शपथेवर सांगतो. पण पंधरा वर्षं पाण्याची धार एकाच जागी पडून खालची माती वाहून गेली. आता पाइपाचं तोंड पाण्याच्या दीड हात वर लोंबतंय. असं होतं, हे मला कळायला हवं होतं. धारेखाली दगड अंथरायचे असतात हे मी दहा जणांना शिकवलंय. स्वतःच्या गावात अंथरले नाहीत, कारण काम घाईचं होतं आणि ओहोळ आपलाच होता.

सभेत मी ओहोळ कुणीकुणी नासवला त्याची यादी वाचली होती. त्यात माझं नाव नव्हतं.

२२ एप्रिल

हौसा वहिनीकडे गेलो. ती अंगणात जवळा निवडत होती. मी उभ्यानेच विचारलं, "वयनी, मोरीचं तुला ठाव होतं?"

"तू पाइप टाकलास त्याच वरसाला ठाव झाला. त्या पावसात चिवनी पाइपाखाली थटली. मी डोल्यांनी बगली."

"मग बोललीस कनाला न्हाय?"

"तू इचारलास कवा?" तिने मान वर केली नाही. "तवा तू गाडीतून उतरत नव्हतास, केसरी. मोठा कंत्राटदार. मी बोलली असती तं बोलला असतास, वयनीला काय कलतं."

तसंच म्हणालो असतो. मी खाली बसलो. तिने सुपातला अर्धा जवळा माझ्यापुढे सारला. दोघांनी मिळून निवडला. मग मी विचारलं की मनोज तुझा मुलगा, गोदाम झालं तर तुझंच भलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "त्याचं प्वोट हाय. मी त्याला नको कशी बोलू?" मग सूप उचलून आत गेली. मला वाटतं तिला या भानगडीत पडायचंच नाही. वय झालंय.

४ मे

रस्ता चालू आहे, मोरी उखडता येत नाही. म्हणून मोरीखाली जिना बांधला. मोबाइलवर परदेशातल्या माशांचा व्हिडिओ पाहिला, मोठमोठे मासे पायरी-पायरीने उड्या मारत चढत होते. तसाच. आरसीसीच्या पाच पायऱ्या, प्रत्येकीवर सिमेंटची घोटाई. हात फिरवला तर सरकतो. चिंधूने असं फिनिशिंग देवळालासुद्धा दिलं नव्हतं.

संध्याकाळी वहिनी बघायला आली. जिन्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. इतकी की चिंधूही हसायला लागला. मला राग आला, मी निघून आलो.

६ मे

राग उतरल्यावर वहिनीला विचारलं की हसलीस कशाला.

"चिवनी कवा उडी मारते रं? उडी बोईट मारते. चिवनी पोटावर चालते, कडेकडेनी. तिला खरबरीत दगड लागतो. दगडाच्या मागं दम खायाला जागा लागते. प्वोटुशी बाय हाय ती, तुझ्या गुलगुलीत जिन्यावरून तिनी उड्या मारायच्या?"

मी चाळीस वर्षं बांधकामात आहे. माझ्या फिनिशिंगला कुणी नाव ठेवलं नव्हतं. आज पहिल्यांदा कुणी सांगितलं की फिनिशिंग हाच दोष आहे, आणि ते खरं आहे.

चिंधूला म्हणालो, फोड. तो म्हणाला, दादा, अजून पाणी मारायचेही दिवस संपले नाहीत. मी म्हणालो, फोड.

२७ मे

झालं. बिनसिमेंटचं, नुसत्या दगडांचं. मोरीच्या तोंडापासून खाली तीस पावलं लांब उतार. मोठे दगड खाली रुतवले, त्यांच्या फटीत मधले, मधल्यांच्या फटीत लहान. प्रत्येक दगड कुठे बसवायचा ते वहिनी काठावर बसून काठीने दाखवायची आणि चिंधू बसवायचा. ती "न्हाय, वाईच कलता" म्हणाली की चिंधू पुन्हा पहार घ्यायचा. माझ्या साइटवर चिंधूने एवढं कधी ऐकलं नव्हतं. पाइपाच्या आत धार जोरात येते म्हणून तिथेही सपाट दगड टाकले. चिंधू वाकून आत गेला आणि कंबर धरून बाहेर आला. माझं काम म्हणजे चहा आणायचा.

मनोज दोनदा येऊन गेला. गोदामवाली पार्टी पावसानंतर करार करायचं म्हणतेय, असं त्याने सांगितलं. मग बूट काढून एक मोठा दगड सरकवायला हात लावला, कारण चिंधूच्याने एकट्याने सरकत नव्हता. मुलगा वाईट नाही. त्याची दोन मुलं शिकतायत, शेतीत काही उरलेलं नाही, आणि जमिनीवर फक्त गोदामच पिकतं असं तो म्हणतो, त्यात खोटं काही नाही. आम्ही त्याचं वैर धरून बसलो नाही आणि त्यानेही धरलं नाही. फक्त दोघांपैकी एकाचंच खरं होणार आहे.

मला आता एकच भीती आहे, माणसांची. चिवणी मोरीपर्यंत आली की अख्खं गाव पाग, म्हणजे फेकायची जाळी, घेऊन दगडांवर उभं राहणार. गाभोळीची चिवणी म्हटली की आमच्या लोकांचं भान सुटतं. माझंही सुटायचं. त्या उतारावर मासा अगदी हाताशी येणार, पकडायला सोपा. मासळीसाठी मी रस्ता केला आणि तोच सापळा झाला, असं व्हायचं.

८ जून

हेमालीने दवंडीच्या गाडीवरून सांगितलं की यंदा पहिल्या वलगणीला कुणी मासे धरू नयेत. मी मोरीवर पाटी लावली. पाटीवर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातलाय. नाक्यावर एक जण म्हणाला, "काका, वलगन हाय, परीक्षा न्हाय." सगळे हसले.

पाऊस चार दिवस पडतोय, पण अजून ओहोळाला जोर नाही.

१४ जून

आज वलगण झाली. सविस्तर लिहितो.

रात्रभर कोसळला. सकाळी आठला ओहोळ दोन्ही काठ भरून, आणि खाडीत उधाणाची भरती चढायला लागलेली. गाव लोटलं. चाळीस-पन्नास माणसं, खांद्यावर पाग, हातात टोपल्या, पूर्ण्याहूनही स्कूटरवरून आली. मी हात जोडले. हेमालीने सांगून बघितलं. लोक "हो हो" म्हणत आपापल्या जागा धरून उभे राहिले. मनोजही होता, बापाचा पाग घेऊन.

आमच्याकडे वलगणीचा एक कायदा आहे, कागदावर कुठे नाही. ओहोळाची एकेक जागा एकेका घराची. सगळ्यात खालची, मुखाची जागा ज्या घराची, त्या घराने पहिला पाग टाकायचा. तोवर दुसऱ्या कुणी जाळं भिजवायचं नाही. मुखाची जागा आमच्या आईची होती. आईनंतर थोरल्या सुनेकडे, म्हणजे हौसा वहिनीकडे आली. पंधरा वर्षं मासाच नव्हता म्हणून हा कायदा कुणाला लागला नव्हता, पण विसरलंही कुणी नव्हतं. सगळे वहिनीची वाट बघत होते.

ती आली. डोक्यावरून गोदामाचं प्लास्टिक घेतलेलं, हातात पाग. तो पाग बघून माझं अवसान गेलं. तीन आठवडे दगड दाखवत बसली आणि आता हीच पहिला पाग टाकणार. मनात म्हटलं, मासळीपुढे माणूस माणूस राहत नाही.

ती आपल्या जागेवर गेली, पाग मांडीवर घेतला आणि बसली.

थोड्या वेळात पहिल्या चिवण्या आल्या. मिशा आधी दिसल्या, मग काळपट पाठी. वहिनीने सांगितलं होतं तसंच, कडेकडेने, दगडाला पोट घासत. एका दगडामागे थांबायच्या, दम खायच्या, पुढच्या दगडामागे जायच्या. मनोज खाली गेला. "आई, टाक ना. लोकं थांबल्यात."

"पानी गडूल हाय. थांब."

तासाभराने पुन्हा गेला. तेव्हा म्हणाली, "खांदा दुकतं." दहाच्या सुमाराला एक जण म्हणाला, "आजी, तुज्या नावानी मी टाकू?" तिने त्याच्याकडे बघून विचारलं, "जागा तुजी हाय?" तो मागे झाला. अकरा वाजले, बारा वाजले. लोक कुरकुरले, चिडले, दोनतीन जण घरी गेले. पण पाग कुणी टाकला नाही. आमच्या गावात लोक सरकारी पाटी मोडतील, दवंडीवर हसतील, पण मुखाच्या जागेचा मान मोडायची कुणाची छाती झाली नाही.

आणि तोवर मासे चढत होते. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून लोक तेच बघायला लागले. मोरीच्या तोंडाशी एक मोठी चिवणी तीनदा मागे वाहून आली. चौथ्यांदा ती पाइपात शिरली तेव्हा रस्त्यावरच्या सगळ्यांनी एकदम "गेली, गेली" केलं. त्यात मघाशी सगळ्यात जास्त कुरकुरणारेही होते. काही जण जाळी खांद्यावर टाकून वरच्या बाजूला धावायचे, पाइपातून बाहेर पडलेली बघायला.

तीन वाजता ओहोटी लागली, पाणी उतरलं. वहिनी गुडघ्यावर हात ठेवून उठली. कोरडा पाग गुंडाळला. "आज न्हाय जमत माज्यानी," असं म्हणाली आणि घरी गेली.

सात तास ओल्यात बसून शेवटी हातात बळ नाही. तिच्या तरुणपणीचा पाग मी पाहिलाय, म्हणून फार वाईट वाटलं. पण लिहायला लाज वाटते तरी खरं ते लिहितो. नशीब माझं, की तिचा खांदा नेमका आजच दुखला.

१५ जून

वहिनीसाठी खांद्याला लावायचं मलम आणलं आणि ऋतिकाबरोबर पाठवलं. ऋतिका परत आली ती हसतच. काय झालं विचारलं तर सांगेना. मलम परत आणलं होतं. वहिनीचा निरोप होता, तुझ्या सासऱ्याच्या गुडघ्याला लाव.

मनोज मोरीवर एकटाच उभा होता. मी हाक मारली तर नुसता हात केला.

२६ जून

आज पाहणी. हेमाली, पाच सदस्य, मनोज, त्याचा गोदामवाला, आणि बघायला अर्धं गाव. सगळे कोंडावर गेलो. कालपर्यंत पाणी जरा नितळ होतं, पण रात्री पाऊस झाला आणि कोंड गढूळ. काहीही दिसेना.

हेमाली म्हणाली, "काका, मोरीतून चढले ते सगळ्यांनी बघितलं. पण वहीत कोंड लिहिलंय." तिचं चूक नव्हतं. मोरीपासून कोंड अर्धा मैल. मधे कुठे अडले असतील तर? मी काठीने पाणी ढवळलं. एक सदस्य कोंडात उतरून हाताने चाचपायला लागला. त्याच्यामागे हेमाली उतरली, मनोज बुटांसकट उतरला, मीही उतरलो. सगळे गुडघाभर पाण्यात वाकून, आणि हाताला फक्त चिखल. गोदामवाला छत्रीखाली घड्याळ बघत होता. इथवर येऊन तोंडघशी पडायचं म्हणजे काय.

तेव्हा वहिनी पुढे आली. मला बाजूला हो म्हणाली, पागाची दोरी मनगटाला बांधली, कडा दातात धरली आणि फेकला.

पाग हवेत पुरा गोल उघडला आणि कोंडाच्या मधोमध सपाट पडला. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा. खांदा दुखणारा माणूस असा पाग टाकूच शकत नाही. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी मनोजकडे बघितलं. तो हळूच म्हणाला, "काका, मना त्याच दिशी कलला."

मुलाला नको म्हणता येत नव्हतं, म्हणून ती पाग कोरडा ठेवून सात तास पावसात बसली होती. आणि मी तिला मलम पाठवलं.

वहिनीने पाग ओढला. जड होता. वर आला तेव्हा आत बारा-तेरा चिवण्या उड्या मारत होत्या. हेमालीने वही उघडली. लोकांनी गलका केला.

वहिनीने एक चिवणी काट्यांच्या मागे अलगद धरली, अंगठ्याने तिचं पोट दाबलं. "रिकामी," म्हणाली आणि पाण्यात सोडली. दुसरी धरली. "रिकामी." तिसरी. "रिकामी." गलका कमी झाला. रिकामी चिवणी आमच्यात कुणी खात नाही, तिला चव नसते. मागून कुणीतरी म्हणालंच, "येवढा करून रिकामीच?" खरं सांगायचं तर माझाही चेहरा पडला. पाग झटकून तिने शेवटची सोडली. तीही रिकामी.

पण वहिनीचं तोंड हसरं होतं. इतकं हसरं मी भाऊ गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"तोंडं कनाला पाडता?" ती म्हणाली. "मोरीत चढली तवा भरलेली होती. तुम्ही समद्यांनी बगली. आता रिकामी हाय. मग गाभोली गेली कुटं?"

तिने आमच्या पायांकडे बोट दाखवलं.

"पोरं हाईत खाली. भाईर व्हा."

सगळे जागच्या जागी थिजले. मग हेमाली सलवार वर धरून एकेक पाऊल मागे सरकली. सदस्य सरकले. मी काठी टेकणार होतो, तीही उचलून धरली.

मनोज एकटा मधे राहिला होता. त्याने एक पाय उचलला आणि तसाच थांबला, गढूळ पाण्याकडे बघत. गोदामवाल्याने काठावरून हाक मारली, त्याने लक्ष दिलं नाही.

"आई," तो म्हणाला, "पाय कुटं ठेवू?"

वहिनी काठाशी वाकली आणि एकेक दगड सांगत त्याला बाहेर घेऊन आली.